बडगी धरायला कोण उठतं

वांगी भाजल्याचा वास आला आणि मी धुळ्याच्या फ्लॅटमधून मनाने थेट अमळनेरजवळच्या माहेरी, लहानपणीच्या एका दिवसात पोचले. आई-आबांचा अबोला चालू होता. आईने भाजलेली वांगी लाकडी बडगीत टाकली. भरीत ठेचताना बडगी हलते; ती नेहमी आबा धरायचे. त्या दिवशी ते ओट्यावर पाठ फिरवून बसले होते. मी दारात उभी राहून दोघांकडे बघत होते. शेवटी ते उठले, बडगी धरून म्हणाले, "मीठ टाकं का?"

"चाखी ल्या," आई म्हणाली.

तेव्हा वाटलं, आबा नुसते उठले. उठणं किती जड असतं ते आज कळतंय. मी बडगी पुढ्यात घेऊन बसलेय, आमच्यातही अबोला आहे, हे पाठ फिरवून खुर्चीत आहेत, आणि दारात आमची मुलगी उभी आहे.