रसवंतीसमोरची शाळा

नकारांची मला चांगली सवय झाली होती. घाबरले ते होकार आल्यावर.

दारव्ह्यातल्या एका खासगी शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी शोधत होते. गावात माझं इंग्रजी जरा जास्तच चांगलं समजलं जाई. कोणाचा बायोडाटा असो की बँकेचा अर्ज, सगळं माझ्याकडे यायचं. तेच इंग्रजी देशाबाहेर पाठवलं की कमी पडायचं. अमुक देशांचा पासपोर्ट असलेल्यांनीच अर्ज करावा, असं जाहिरातीत लिहिलेलं असे आणि त्यात आपला देश नसे. तरी मी अर्ज करायचे. 'प्रवेश बंद' अशी पाटी दिसली की आत काय आहे ते मला बघायचंच असतं, त्याला इलाज नाही.

जायचं कशाला होतं? सातवीला समुद्रावर एक धडा होता. भरती, ओहोटी, खारा वारा, सगळं मी दर वर्षी हातवारे करून शिकवायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पाह्यला का समुद्र?" मी म्हटलं, "पुढचा प्रश्न वाच." घरी आल्यावर मात्र फार चिडचिड झाली. इंग्रजीत एम. ए. झालेली अठ्ठावीस वर्षांची बाई, आणि तिची मजल यवतमाळच्या पुढे फार तर नागपूरपर्यंत.

होकार आला तो व्हिएतनाममधल्या समुद्रकाठच्या एका लहानशा शहरातून. मुलाखत व्हिडिओवर झाली. तेवढा वेळ आईने मिक्सर लावला नाही आणि बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मोटरसायकलवाल्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून सांगत होते. तिकडच्या मुख्याध्यापिकेने मला रंग शिकवून दाखवायला सांगितले. मी हळदीचा डबा दाखवला, आईच्या हिरव्या बांगड्या दाखवल्या, लाल मिरच्यांचं ताट कॅमेऱ्यापुढे धरलं. बाई खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी पत्र हजर. पगार, राहायला खोली, विमानाचं भाडं नंतर मिळेल, येताना मूळ पदवी आणा, पासपोर्टची प्रत आधी पाठवा, शुक्रवारपर्यंत कळवा.

आधी मी स्वयंपाकघरात नाचले. मग ओट्याला टेकून उभी राहिले आणि डोक्यात किडा शिरला. आपल्याकडे शिपायाची जागा निघाली तरी माणूस म्हातारा होतो वाट बघून. आणि एक परकी बाई मला हळदीच्या डब्यावर नोकरी देते? ज्याला कोणी विचारत नाही त्याला अचानक कोणी पाट मांडून बसवलं, तर त्याने ताटाखाली आधी बघून घ्यावं.

मोबाइलने उरलीसुरली झोप घालवली. परदेशी नोकरीच्या नावाने नेलेली पोरं, काढून घेतलेले पासपोर्ट, बाहेरून कुलूप लावलेल्या इमारती. अशा बातम्या मी शोधून शोधून पाहिल्या, आणि एक पाहिली की मोबाइल आपणहून दुसरी पुढे करायचा. शाळेचं संकेतस्थळ मी इतक्या वेळा उघडलं की तिथली हसणारी मुलं मला पाठ झाली. हसणारी मुलं कोणीही लावू शकतं. वर्गात फळ्यावर लिहिताना हात थांबायचा. जेवण जाईना. आई म्हणायची, "नोकरी लागली म्हणतं, आन तोंड काहून असं?"

मी बाबांना सगळं सांगितलं. बातम्यांसकट. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं, कारण ते नुसते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "चौकशी केली का?"

"केली ना बाबा. सगळं इंटरनेटवर आहे."

"ते त्याइनंच लिवलेलं. नवरदेवाले इचारून चौकशी होते का कुठी?"

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. आमची शेती आहे, सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. पण नात्यागोत्यात बाबांना मान आहे तो चौकशीसाठी. कोणाच्या मुलीला स्थळ आलं की बाबांना नेतात. ते मुलाच्या घरी कधी जात नाहीत. घरासमोरच्या पानठेल्यावर थांबतात, शेजारच्या गॅरेजमध्ये नसलेलं पंक्चर बघायला लावतात, तिथल्या मिस्त्रीशी पावसापाण्याचं बोलतात आणि बोलता बोलता घरातलं सगळं काढून आणतात. मुलगा पितो का, सासू कशी, विहिरीला पाणी किती. बाबांनी नाही म्हटलेलं स्थळ आमच्या नात्यात कोणी पुढे नेत नाही.

"समोर काय हाय त्या शाळेच्या?" बाबांनी विचारलं.

मला हसूही आलं आणि रागही. शुक्रवार तोंडावर आलेला, मी काळजीने अर्धी झालेली, आणि ह्यांना समोर काय आहे ते हवं. तरी मी नकाशा उघडला, रस्त्याची छायाचित्रं दिसतात तिथे गेले. निळं फाटक, भिंतीवर रंगवलेले मासे. फोन फिरवला. रस्त्यापलीकडे ताडपत्रीखाली लाल प्लास्टिकचे बुटके स्टूल, आणि हातगाडीवर उसाचा चरक.

बाबांनी चष्मा वर केला. "अबे, रसवंती हाय!"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. ताडपत्रीवर दुकानाचा फोन नंबर छापला होता. छायाचित्र मोठं करून करून मी तो उतरवला. "रसवंतीवाल्याले सगळं ठावूक असते," बाबा म्हणाले. "पोरं सुटली का तठीच येतीन. मास्तरणीबी येतीन. लिव त्याले."

तिकडे चालतं ते मेसेजचं ॲप मी मोबाइलवर घेतलं. मी इंग्रजीत लिहायचं आणि मोबाइलने ते त्यांच्या भाषेत करायचं, असं ठरलं. मी प्रश्न काढले. शाळा किती वर्षांची, पगार वेळेवर होतो का, परिसर सुरक्षित आहे का. बाबांनी ऐकून घेतलं आणि हात हलवला.

"हे राहू दे. एकच इचार. याच्या आंधी जे मास्तरीण होती, ते आपल्या घरी जाऊन येत होती का? सणावाराले तिले सोडत होते का?"

"बाबा, हे काय विचारणं झालं? ते सासर आहे का?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. आईने मागे वळून बघितलं नाही, पण तिचे हात पिठातच राहिले. आणि मला समजलं की बाबा व्हिएतनामचं बोलतच नव्हते.

माझी ताई ढाणकीला दिली आहे. त्या स्थळाची चौकशी बाबांनी स्वतःच्या मुलीचं म्हणून दुप्पट केली होती. सगळीकडून चांगलंच आलं आणि ते खोटंही नव्हतं. जावई पीत नाहीत, कोणी हात उचलत नाही, खायला-ल्यायला भरपूर. फक्त तिला माहेरी पाठवत नाहीत. नाही म्हणत नाहीत, पाठवत नाहीत. पोळ्याला सासूचे गुडघे धरलेले असतात, राखीला घरी पाहुणे असतात, दिवाळीला सोयाबीन यायचं असतं. दर दिवाळीला बाबा पिशवीत साडी घेऊन तिला आणायला जातात. एसटीने पुसद, तिथून उमरखेड, तिथून ढाणकी. बैठकीत बसतात, चहा घेतात, "यंदा राहू द्या, पुढच्या खेपेला नक्की" ऐकतात आणि एकटे परत येतात. ताईची मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि तिने आमचं घर एकदाच पाहिलंय, तेही पाळण्यात असताना. बाबा परत आले की कोणी काही विचारत नाही. आई पाणी देते, ते पाय धुतात.

मी मुकाट्याने बाबांचा प्रश्न लिहिला. खाली माझंही एक वाक्य जोडलं, की मी भारतातून लिहितेय, ह्या शाळेत मला नोकरी लागतेय आणि माझ्या वडिलांना काळजी वाटते.

मग वाट बघणं सुरू झालं. मेसेज पोचल्याची खूण आली, वाचल्याची येईना. मी मोबाइल वर्गात नेला, पदराआड धरून बघितला, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. त्यातच तिकडच्या शाळेचं स्मरणपत्र आलं. अगदी गोड शब्दांत विचारलं होतं, तुमचा निर्णय झाला का? तो गोडवाच मला खटकला. गरज कोणाला, त्यांना की मला? एकदा वाटलं, सरळ नाही कळवून टाकावं आणि पोटभर जेवावं. लगेच त्या सातवीतल्या मुलीचा चेहरा आठवला. बाबा तर दर थोड्या वेळाने अंगणातून ओरडून विचारायचे, "बोलली का रसवंती?"

उत्तर आलं ते गुरुवारी, मी शाळेतून येऊन चपला काढत असताना. रसवंती चालवणारी बाई होती. भाषांतर ओबडधोबड होतं, पण कळत होतं. मी बाबांना आणि आईला समोर बसवून मराठीत वाचून दाखवलं. शाळा स्वच्छ आहे. मुख्याध्यापिका फार मोठ्याने बोलते. आधीची शिक्षिका फिलिपिन्सची होती, माझ्याकडे रोज यायची, बर्फ कमी घालायला सांगायची. नवीन वर्षाच्या सणाला ती तिच्या घरी गेली. परत आली नाही. मुलं पुष्कळ दिवस तिला विचारत होती. तुम्ही याल का?

परत आली नाही. तेवढंच माझ्या डोळ्यांपुढे राहिलं. काहीतरी झालं असणार तिथे. एखादी बाई चांगली नोकरी उगाच टाकून जाईल का? पगार दिला नसेल, त्रास दिला असेल, त्या मोठ्याने बोलणाऱ्या बाईने छळलं असेल. म्हणून तर मला इतक्या पटकन होकार आला. मी मोबाइल उलटा ठेवला आणि म्हटलं, "झालं. कळलं ना? नाही कळवून टाकते मी."

"थांब," बाबा म्हणाले. "पुन्हा वाच ते."

मी वाचलं.

"घरी गेली म्हणते?"

"हो."

"सणाले?"

"हो, बाबा."

"आन पासपोर्ट?"

"त्याच्याशिवाय कशी जाईल? तिच्याजवळच असणार."

"मंग नाही आली, तं आणाले गेलं का कोणी? अडवलं का?"

"तसं काही लिहिलं नाही. नसेलच अडवलं."

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "तिच्या मनात आलं तं गेली. नाही आलं तं नाही आली. आखीन काय पाह्यजे पोरी? चांगली शाळा हाय. तू जाय."

मला रडू फुटलं. भीती गेली म्हणून नाही, ती तर आजही पुरती गेलेली नाही. ह्या एका प्रश्नाचं ओझं ते किती वर्षं घेऊन फिरत होते, ते तेव्हा मला दिसलं.

"ढाणकीले म्या सारं इचारलं होतं," बाबा आईकडे बघून म्हणाले. "येवढंच नाही इचारलं."

आईने पदराने नाक पुसलं आणि चहाचं आधण ठेवलं.

शुक्रवारी सकाळी मी होकार कळवायला बसले, तेव्हा बाबा धोतर बदलून, पिशवी घेऊन दारात उभे होते. पिशवी रिकामी होती.

"आता कुठी?" आईने विचारलं.

"ढाणकीले."

"आता कायले? सण ना वार."

"सण कायले लागते?" असं म्हणून ते निघाले.

मी पत्र पाठवलं. पासपोर्टची प्रत जोडताना त्या सगळ्या बातम्या आठवल्या, तरी पाठवलं. पाठवल्यावर वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. आता धास्ती दुसरीच होती. बाबा तिकडे काय बोलतील, भांडण झालं तर ताईला नंतर काय ऐकून घ्यावं लागेल, पिशवी घेऊन ते पुन्हा एकटेच उतरले तर ह्या वेळी पाणी कोण देईल. आई दिवसभर देव्हाऱ्यापाशी आणि दारापाशी अशी येरझारा घालत होती. शाळेला मी दांडी मारली. व्हिएतनामहून आभाराचं पत्र आलं, ते मी उघडून बघितलं आणि तसंच ठेवून दिलं.

चार वाजून गेल्यावर बाबांचा फोन आला. मागे एसटीचं इंजिन घरघरत होतं आणि एक लहान पोर कशासाठी तरी मोठ्याने हट्ट करत होतं.

"तुह्या मायले सांग," बाबा म्हणाले, "आमचा तिघाइचा सैपाक ठेव म्हणा."

मी घाईने विचारलं, "ते लोक काय म्हणाले, बाबा? तुम्ही काय विचारलं त्यांना?"

"इचारलं नाही," बाबा म्हणाले. "चहाबी नाही घेतला. म्हटलं, पोरीले घेऊन चाललो."