स्तोयांकाकाकूंचं शुद्धिपत्र

आमच्या गावाचा इतिहास लिहिला वेलिको डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे गुरांचे, आता निवृत्त. पुस्तक छापून त्यांनी घरटी एक प्रत फुकट वाटली. कुणी उघडली नाही. उघडली ती फक्त आमच्या शेजारच्या स्तोयांकाकाकूंनी, आणि उघडताच त्या कडाडल्या. त्यांच्या आजीला अस्वल नाचवणाऱ्या एका दरवेश्यानं पळवून नेलं, असं त्यात छापलं होतं.

काकू तडक डॉक्टरांच्या अंगणात. "माझ्या आजीला पळवलं? अहो, तिनं पळवलं त्याला! बिचारा रडत होता. अस्वलसुद्धा तीच हाकत घेऊन गेली."

"आता छापून झालं, बाई," द्राक्षांच्या मांडवाखालून डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत बघू."

"तोवर तुम्ही उरलात तर!"

दुसऱ्या दिवसापासून काकू लाल पेन घेऊन घरोघर हिंडू लागल्या. कुणाचं पुस्तक लोणच्याच्या बरणीखालून निघे, कुणाचं डुगडुगत्या टेबलाच्या पायाखालून. काकू ओळ खोडत, वर खरं लिहीत, फळांच्या दारूचा, राकियाचा, घोट घेत आणि पुढचं दार ठोठावत. चौथ्या घरी पोचेपर्यंत अस्वलं दोन झाली होती.

लोकांनाही चटक लागली. पाववाली देस्पिना म्हणाली, "आलाच आहात तर आमचंही बघा की, काकू. आमच्या आजोबांनी मेंढ्या चोरल्या म्हणे."

"नव्हत्या चोरल्या?"

"चोरल्या हो! पण पन्नास. डॉक्टरांनी बाराच लिहिल्यात."

शेजाऱ्याच्या प्रतीत काय खोडलंय ते बघायला गाव पहिल्यांदाच पुस्तक वाचू लागलं. हे कानावर गेलं आणि डॉक्टर स्वतःची प्रत काखेत मारून काकूंच्या फाटकाशी आले. मी कुंपणापलीकडे मिरच्या भाजत होते. आता जुंपणार, म्हणून मी निखारे सोडून सरसावले.

"तू जरा आत जा," डॉक्टर मला म्हणाले. मी कसली जाते!

मग आवाज खाली आणून ते काकूंना म्हणाले, "माझे वडील लढाईत घोड्यावरून पडले, असं मी लिहिलंय."

"मग?"

"गाढवावरून पडले. वरातीत."

"कुणाच्या?"

"स्वतःच्याच."

काकूंनी न हसता ओळ दुरुस्त केली, शाईवर फुंकर घातली, आणि मग दोघंही पोट धरधरून हसले.

त्या हिवाळ्यात दोघांनी बसून रीतसर शुद्धिपत्र तयार केलं. ते पुस्तकाहून जाड झालं. छापखानेवाला म्हणाला, "इतिहास म्हणून हेच छापू या. आधीचं मागे जोडू, परिशिष्ट म्हणून."

डॉक्टर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग हो म्हणाले.