अंबादासरावांनी मागितलेले दोन तास

फोन सुमननं घेतला. माझी बायको फोनवर नेहमी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलते, पण त्या सकाळी ती नुसती ऐकत राहिली आणि मग मोबाईल कानाला तसाच धरून माझ्याकडं वळली. "अंबादासभाऊजी गेले," ती म्हणाली. मी पेपर वाचत होतो. माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते असं : "गेला का पाटेवाला?" एवढ्या वर्षांच्या नात्यातला माणूस सिल्लोडच्या दवाखान्यात छातीत कळ येऊन गेला आणि मला सुचलं ते हे. जिभेला एकदा सवय लागली की ती मयताचाही मुलाहिजा ठेवत नाही. सुमननं साडी बदलली आणि आम्ही शहरातल्या गारखेड्याहून फर्दापूरला निघालो… त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाचे गुण सांगावेत अशी रीत आहे. अंबादासरावांचे गुण मी सांगणार आहे, पण त्याआधी माझं एक पाप सांगितल्याशिवाय त्यातला एकही गुण कुणाला पटायचा नाही.

आम्ही साडू. सासऱ्यांना दोन मुलीच. थोरली कौसल्या, जिला मी अक्का म्हणतो, फर्दापूरला अंबादासरावांना दिली आणि धाकटी सुमन मला. मी शहरात सरकारी कचेरीत, इस्त्रीच्या शर्टातला. ते शेती करायचे आणि अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी जी लॉजं आणि चहाच्या टपऱ्या आहेत, त्यांना आपल्या विहिरीचं पाणी पोचवायचे. मला ते कधी आवडले नाहीत, हे आता लपवण्यात अर्थ नाही. तोंड फाटकं, हसणं गडगडाटी, जेवताना बोलायचे आणि बोलताना समोरच्याच्या पाठीत थाप घालायचे. सासरे गेल्यावर सासूबाईंचं काय करायचं हा प्रश्न निघाला. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. लेकीच्या दारात राहणं आईला शोभत नाही, लोक नावं ठेवतात, असं मी चारचौघांत समजावून सांगितलं. माझ्या दारात नको, एवढाच त्याचा अर्थ होता. त्या बैठकीला अंबादासराव आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आले, माईंची पेटी मागं टाकली आणि म्हणाले, "ऊठ म्हातारे, चल घरी." अकरा वर्षं त्यांनी माईंना सांभाळलं. रोज भांडायचे दोघं. तंबाखूवरून, भाकरीवरून, रेडिओच्या आवाजावरून. मी दिवाळीला मिठाई घेऊन जायचो आणि माई माझ्याशी अगदी अदबीनं, परक्यासारखं बोलायच्या.

पाणी वाहायला त्यांनी एक छोटा ट्रेलर स्वतः केला होता. भंगारातला जीपचा आस, लोखंडी अँगलची चौकट, वर बाभळीच्या फळ्या आणि कुठल्या तरी मोडक्या गाडीच्या जुन्या कमानी. कमान म्हणजे एकावर एक रचलेले, धनुष्यासारखा बाक दिलेले पोलादी पाटे. पाण्याचे चार ड्रम रोज वाहून त्या पाट्यांचा बाक पार गेला होता. ट्रेलर भरला की मागून खाली बसायचा आणि चाकं फळ्यांना घासून जळकट वास यायचा. एका दिवाळीत मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो, "अंबादासराव, तुमचा ट्रेलर बघितला की गाभण म्हैस आठवते." सगळे खो खो हसले, तेही हसले. पण त्यांना ते लागलं असावं. कारण पंधरा दिवसांत जीपला ट्रेलर जोडून ते माझ्या दारात उभे. "छावणीत कमानी कडक करणारा मिस्त्री हाय म्हणं. दावता का?"

मी दाखवला. शहरातल्या छावणी भागातला तो म्हातारा मिस्त्री दिवसभर त्या कामाला लागला होता. पाटे सुटे केले, गंज खरवडला, एकेक पाटा ऐरणीवर उलटा धरून घणाचे ठोके देत देत त्याचा बाक परत आणला. अंबादासराव उकिडवे बसून टक लावून बघत होते, मध्येच स्वतः घण मागून घेत होते. मग मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना दोन-दोन जाडे पाटे जास्तीचे घातले, मधला बोल्ट आवळला आणि हात पुसत आमच्या दोघांकडं बघून म्हणाला, "देखो साब, अब कमान एकदम कडक है. वजन रहेंगा तो मक्खन चलेंगी. खाली चलाए तो लातां मारेंगी. आदमी को खाली ट्राली में नक्को बिठाओ." अंबादासराव म्हणाले, "बरोबर हाय. रिकाम्यात माणूस नाय बसवायचा." मी मान डोलावली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. ते वाक्य मी माझ्या कानानं ऐकलं होतं, ते मला समजलं होतं, आणि मी त्यावर मानही डोलावली होती.

त्यानंतर महिनाभरात माई विहिरीजवळ पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. निरोप आला तसा मी पहिल्या एसटीनं पोचलो. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर शहरात होते, ते दुपारी एकपर्यंत बसायचे. माईंना बसता येत नव्हतं, आडवंच न्यायला हवं होतं. जीप आखूड, रुग्णवाहिका त्या काळी मागवून कधी येईल याचा भरवसा नाही. राहिला ट्रेलर. अक्का आत माईंना चादरीत गुंडाळत होती. अंगणात आम्ही दोघंच होतो. अंबादासरावांनी जॅक लावलासुद्धा होता.

"भास्करराव, दोन तास द्या मला. जास्तीचे पाटे काढतो. नायतर म्हातारीला रस्ताभर लाथा बसतील."

"दोन तासांत डॉक्टर उठून जातील."

"मग ज्वारीची आठ पोती टाकतो, वर गादी. वजन असलं की कमान गप बसती."

मी म्हणालो, आठ पोती घेऊन तुमची जीप अजिंठ्याचा घाट चढायची नाही, मध्येच उकळत बसेल. ते म्हणाले, रोज चार ड्रम वाहते ती. आणि मग मी ते वाक्य बोललो. "अकरा वर्षं सांभाळली म्हणून मिरवता, आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली की पाटे मोजत बसता? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याची त्या माणसानं जन्मात पर्वा केली नव्हती. पण माईंच्या बाबतीत कुणी बोट दाखवलेलं त्यांना सहन होत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जॅक खाली घेतला आणि पाना सीटखाली टाकला. डॉक्टर दुसऱ्या दिवशीही भेटलेच असते. घाई मला होती. दुपारनंतर कचेरीत सही केली नसती तर माझी एक रजा गेली असती.

अक्का माईंचं डोकं मांडीवर घेऊन ट्रेलरमध्ये बसली. मी पुढं, अंबादासरावांच्या शेजारी. रस्ता तेव्हा असा होता की वीस पावलांवर खड्डा. पहिल्याच खड्ड्याला ट्रेलर उडाला आणि माई ओरडल्या. तसं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अंबादासरावांनी जीप चालण्याच्या गतीवर आणली, आरशात बघत, खड्डे चुकवत. मागं अक्का बांगड्यांचा हात फळीवर आपटून ओरडत होती, "अहो, हळू! हळू चालवा!" मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "असं गेलात तर तिन्हीसांज होईल. हाड मोडल्यावर थोडं दुखतंच. चला." ते म्हणाले, "भास्करराव, ऐका जरा…" मी पुन्हा म्हणालो, चला. घाट संपला, सपाटीला लागल्यावर मी आणखी दोनदा तेच म्हणालो. त्यांच्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि ओठ काही तरी पुटपुटत होते, शिवी की देवाचं नाव ते कळलं नाही. सिल्लोड सोडल्यावर माईंचा आवाज बंद झाला. "बघा," मी म्हणालो, "झोप लागली त्यांना."

आम्ही पाऊणला पोचलो. डॉक्टरांनी माईंना तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "यांना आणलं कशातून?" मोडक्या हाडानं आतून फाडलं होतं, रक्त आतच साचत होतं. अंबादासराव तोंड उघडणार, त्याआधी मी बोललो. "यांच्या पाण्याच्या ट्रेलरमधून. आत्ताच कमानी कडक करून घेतल्यात यांनी." डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं. अक्कानं बघितलं. अंबादासराव भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. तिसऱ्या दिवशी माई गेल्या. माझी रजा मात्र वाचली होती.

पुढं जे झालं ते सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे, फक्त उलटं माहीत आहे. अंबादासनं सासूला ट्रेलरमध्ये हापटून मारलं, अशी बोलवा झाली, आणि ती मी होऊ दिली. नुसती होऊ दिली नाही, खतपाणी घातलं. 'पाटेवाला' हे नाव मीच पाडलं. लग्नाच्या पंगतीत मी म्हणायचो, "साडूभाऊंच्या गाडीत बसू नका रे, मधली स्टेशनं न घेता थेट वर पोचवतात." लोक हसायचे. अंबादासराव ताटात बघत कालवत राहायचे. अक्कानं त्यांचा संसार केला, मुलींची लग्नं केली, दुखणीखुपणी काढली, पण त्यांच्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. कुठं लग्नकार्य असलं की ती एसटीनं यायची आणि ते रिकामी जीप घेऊन मागाहून. ह्यावरही मी विनोद केले आहेत. ते इथं सांगवत नाहीत.

एकदाच, फक्त एकदा, ते बोलले. कुठल्याशा लग्नात जेवणं झाल्यावर आम्ही मांडवामागं हात धूत होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "दोन तासच मागितले होते हो मी."

मी म्हणालो, "मला काय कळतं पाट्यांतलं?"

त्यांनी हात झटकले. "व्हय," ते म्हणाले. "तुम्हाला नाय कळत. मला कळत होतं. म्हणून चूक माझीच." आणि मला टॉवेल दिला. मी त्या टॉवेलनं हात पुसले. छावणीतल्या मिस्त्रीनं दोघांनाही बजावलं होतं, हे त्यांनाही आठवत असणार. त्यांनी ते काढलं नाही. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, वाटला तो राग. आपल्यापेक्षा अडाणी माणूस आपल्यापेक्षा मोठा निघावा याचा राग.

चौदावा झाल्यावर पाहुणे पांगले. सुमन आत भांडी आवरत होती. मी आणि अक्का परसात. तिथं निंबाखाली जीप आणि तिच्यामागं तो ट्रेलर उभा होता. "भंगारवाला मागतोय," अक्का म्हणाली. "काय करू?" मी सहज वाकून खाली बघितलं. कमानीला जास्तीचे पाटे नव्हते. तीनच होते, जुने, पातळ, तेलानं काळे झालेले. मी विचारलं. ती म्हणाली, माईंचा दहावा झाला त्याच दिवशी त्यांनी ते काढून विहिरीत फेकले. ट्रेलरमधून पुन्हा पाणी वाहिलं नाही. ड्रम जीपमध्ये दोन-दोन करून न्यायचे, दुप्पट खेपा मारायचे, शेवटपर्यंत. "पोळ्याला बैलं धुतली की हा ट्रेलर पण धुवायचे. तेल द्यायचे. मला म्हणायचे, आता मऊ झालाय, एकदा बसून तर बघ. शेतापर्यंत जाऊ…" ती थांबली. "मी नाय बसले."

मग मी सांगितलं. अंगणातला जॅक, ज्वारीची पोती, लोक काय म्हणतील ते वाक्य, माझी रजा, छावणीतला मिस्त्री, डॉक्टरांसमोर पुढं केलेलं बोट. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर मला हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. अक्का रडली नाही. ओरडली असती तर मला बरं झालं असतं.

"लग्नं आटोपली की तुम्ही मला स्टँडवर सोडायला यायचे," ती म्हणाली. "खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचे. मला वाटायचं, सुमनचा नवरा किती मायेचा हाय. अन् हे पलीकडं रिकामी जीप घेऊन उभे असायचे. एसटी हलंपर्यंत."

मी काही तरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला.

"मला एकटीला सांगून काय उपेग? ज्यांना हसवलं त्यांना सांगा. पेपरात लिहा, तुमचं नाव घालून."

म्हणून हे लिहिलं आहे, आणि नाव घातलं आहे.

त्या दिवशी मी निघायला वळलो, तर मागं फळ्या करकरल्या. अक्का चाकावर पाय देऊन ट्रेलरमध्ये चढत होती. मी आधार द्यायला हात पुढं केला, तिनं तो घेतला नाही. ती मधोमध मांडी घालून बसली, जीपच्या रिकाम्या सीटकडं तोंड करून. तिच्या वजनानं कमान सावकाश खाली गेली आणि तितक्याच सावकाश थोडी वर आली.

"मऊ हाय हो," ती म्हणाली. ते माझ्याशी बोलणं नव्हतं.