पियुषचे धावते ठोके

पियुष रक्ताच्या नळीवरचं नाव तीनदा वाचतो. एकदा नळी हातात घेताना, एकदा यंत्रात लावताना आणि एकदा रिपोर्ट छापताना. वर्ध्यातल्या एका खासगी पॅथॉलॉजीत तो नऊ वर्षं काम करतोय आणि आजवर त्याच्या हातून एकही नळी बदललेली नाही. तरी रोज घरी जाताना त्याला वाटतं, आज नक्की बदलली. असा हा माणूस आमच्या बँडचा ड्रमर आहे, आणि बँड थ्रॅश मेटलचा आहे. म्हणजे गिटार करवतीसारखी चालते, गाणारा घसा फाडतो आणि ड्रमवाल्याने मागून सगळ्यांना हाकायचं असतं. भित्रा गाडीवान आम्हीच निवडला, तक्रार कोणाकडे करणार?

आम्ही तिघंच. पियुष, गिटार वाजवणारा आणि गाणारा ऋग्वेद, आणि बेस वाजवणारी मी, अस्मिता. गाण्यांचे शब्दही माझेच. दिवसा मी बोरगाव मेघेच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवते. बाई संध्याकाळी काय करतात हे वर्गाला ठाऊक नाही, आणि तेच बरं आहे. बँडचं नाव ‘तुराटी’, म्हणजे तुरीची वाळकी काडी. सात वर्षांपूर्वी हिंगणीत ऋग्वेदच्या ओळखीतल्या एकाची कोंबड्यांची शेड रिकामी पडली होती. तिथे चार दिवसांत आम्ही आठ गाणी रेकॉर्ड केली. जवळच बोर धरण, म्हणून त्या पहिल्यावहिल्या अल्बमला नाव दिलं ‘सांडवा’. त्या शेडचा वास आठवला की मला अजून शिंका येतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रमरच्या कानात क्लिक सोडतात. घड्याळासारखी टिकटिक असते ती. तिच्याबरोबर वाजवलं की लय हलत नाही. पियुषने पहिल्याच गाण्याला इअरफोन कानातून काढून मांडीखाली दाबला आणि कोणाला काही सांगितलं नाही. टिकटिक ऐकली की त्याचे हात थिजायचे. पुढचं सगळं त्याने अंगातल्या सवयीने वाजवलं. आणि ही सवय कुठली, तर त्याच्या गावच्या, आंजीच्या भजन मंडळाची. त्याचे वडील तानबाजी तिथे चाळीस वर्षं खंजेरी वाजवतात. खंजेरीचं भजन संथ सुरू होतं, मग कडव्या-कडव्याला चढत जातं आणि शेवटी टाळकऱ्यांना श्वास पुरत नाही. चढलं नाही ते भजन कसलं? पियुष सहाव्या वर्षापासून तिथे बसलेला. त्यामुळे आमचं प्रत्येक गाणं मिनिटाला दीडशे ठोक्यांनी सुरू होतं आणि पावणेदोनशेला संपतं. आम्ही दोघं मागे फरफटत गेलो. ऋग्वेदला वाटलं, वेग आपणच वाढवला आणि आपल्यामुळे पियुष पळाला.

अल्बम इंटरनेटवर टाकला. दोन वर्षं तो आम्ही आणि आमची चुलत-मावस भावंडंच ऐकत होतो. मग ब्राझीलमधल्या कोणीतरी त्यावर तासाभराचा व्हिडिओ केला, आणि कुठकुठले लांब केसांचे लोक हिंगणीच्या कोंबड्यांच्या शेडमधली गाणी ऐकायला लागले. त्यांच्यात सरळ दोन तट पडले. एक म्हणे, या ड्रमरला लय धरता येत नाही, हा उधळलेला बैल आहे. दुसरे म्हणत, हीच तर कमाल आहे. त्यातल्या एकाने कोणत्या गाण्यात वेग कसा वाढतो याचा आलेख काढला आणि खाली लिहिलं, की इतकं मोजूनमापून वेग वाढवणारा ड्रमर दुसरा नाही, याने वर्षानुवर्षं गणित मांडलं असणार.

गणिताची मास्तरीण मी. हसून हसून पोट दुखलं माझं. पियुष हसला नाही.

“शिव्या देतेत त्याईचं काई नाई,” तो म्हणाला. “ते खरंच बोलून राह्यले. हे जे वा वा करून राह्यले ना, त्याईचं भेव वाटते मले. एक दिवस मालूम पडन त्याईले, का हा मुद्दाम करत नाई. याले येतच नाई.”

“त्यांना कोण सांगायला जाणार आहे?”

“मीच सांगून बसीन.”

तेव्हापासून तो जेवताना लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसतो. पोर्तुगीज असो की जपानी, फोनकडून भाषांतर करून घेतो. त्याची बायको अंकिता एकदा मला म्हणाली, “ताटातला भात थंडा होते, पण याचा फोन काई खाली ठेवल्या जात नाई.” त्याला शिवीही लागते आणि शाबासकीही लागते. अशा माणसाने मुळात गाणं लोकांपुढे ठेवूच नये, असं मी त्याला रागाने बोललेही आहे.

या वर्षी बंगळुरूच्या एका लहानशा कंपनीने ‘सांडवा’ची तबकडी काढायचं ठरवलं. जुन्या काळच्यासारखी मोठी काळी तबकडी, आणि सोबत नागपूरला कार्यक्रम. ऋग्वेद नाचायचा बाकी राहिला. पियुषचा चेहरा पडला. दोन दिवसांनी तो तालमीला आला आणि म्हणाला, मला सगळे ड्रम पुन्हा वाजवू द्या, क्लिकवर, सरळ. तेव्हाच त्याने मांडीखालच्या इअरफोनची गोष्ट कबूल केली. सात वर्षं स्वतःला दोष देत आलेला ऋग्वेद असा भडकला की मला मध्ये उभं राहावं लागलं. “वाजव,” तो शेवटी म्हणाला, “पण या वेळी नीट वाजव.” मी नको म्हणाले. दोन विरुद्ध एक. आमच्या बँडमध्ये माझा राग बेससारखाच आहे, असतो पण कोणाला ऐकू येत नाही.

चार महिने पियुष ती टिकटिक कानात घालून जगला. जेवताना, भाजी आणताना, मुलीला शाळेत सोडताना. हात थिजायचे थांबले. त्याने आठही गाणी केसभर न हलता वाजवली आणि त्यावर आम्ही दोघांनीही पुन्हा वाजवलं. मग तिघांनी बसून ऐकलं. काही म्हणजे काही चुकलेलं नव्हतं. सरकारी परिपत्रकात चूक नसते तसं. ऋग्वेद “मस्त” म्हणाला आणि मान खाली घालून वायरी गुंडाळत बसला. फाइली मी सोमवारी सकाळी कंपनीला पाठवायच्या असं ठरलं.

आदल्या दिवशी, रविवारी, आंजीत भागवत सप्ताहाचा काला होता. पियुषने बोलावलं म्हणून मीही गेले. तानबाजींचा खांदा धरला होता, म्हणून शेवटच्या भजनाला त्यांनी खंजेरी मुलाच्या हातात दिली. भजन सुरू झालं. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. आता चढणार म्हणून टाळकरी पुढे सरकून बसले. पेटीवरच्या बंडूजींनी पियुषकडे पाहून दोनदा भुवया उडवल्या. पियुषचा हात मात्र तसाच चालला होता, ना एक ठोका पुढे, ना एक मागे. त्याच्या कपाळावर घाम डबडबला होता. तो चढवायचा प्रयत्न करतोय आणि त्याला चढवता येत नाही, हे मला कळलं. भजन ज्या चालीत सुरू झालं त्याच चालीत संपलं. टाळकरी एकमेकांकडे पाहत राहिले, आणि कोणीतरी घाईने दहीहंडी फोडली.

मंडपामागे नळावर हात धुता धुता तानबाजींनी त्याला विचारलं, “आज चढलं काऊन नाई?”

“तब्येत बराबर नाई, बाबा.”

“तब्येतीचं नाई ते.” त्यांनी दुपट्ट्याला हात पुसले. “तुमचं ते हिंगणीचं गाणं ऐकलं होतं म्या, लोकाच्या फोनवर. नुसता कल्ला. शब्द एक समजला नाई.” शब्द माझे होते, मला चांगलंच लागलं. “पण एक समजलं. पोरगा चढवून राह्यला. बराबर माह्यासारखा. साऱ्या मंडळाले ऐकवलं म्या ते.”

पियुषने विचारलं, “मले काऊन नाई सांगितलं?”

“त्यात काय सांगाचं? येतच होतं ना तुले.”

एवढं बोलून ते पंगतीत वाढायला निघून गेले. पियुष नळ बंद करायचा विसरला, तो मी केला. आम्ही फाटकाजवळ आलो. तो म्हणाला, “जुनंच पाठव.”

“आणि ऋग्वेद?”

“त्याच्या पाया पडीन.”

पाया पडायची वेळ आली नाही. फोनवर ऋग्वेद म्हणाला, पाठव जुनंच, नवीन रेकॉर्डिंग मी दुसऱ्यांदा ऐकलेलंच नाही. सोमवारी मी जुन्या फाइली पाठवल्या. पियुषच्या हट्टाखातर अल्बमच्या पानावर एक ओळही टाकली: ठोके मोजून वाढवलेले नाहीत, आंजीच्या भजनात ते असेच वाढतात. आलेखवाल्याने दुसऱ्याच दिवशी लिहिलं की यावर विश्वास ठेवू नका, थोर कलावंत असंच विनयाने बोलतात. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली, ते सांगून टाकलं तर कोणी खरं मानेना.

आता नागपूरला एकवीस दिवस उरले आहेत. येणारे सगळे ते चढणं ऐकायला येणार. गुरुवारी आम्ही तालीम केली. इअरफोन मी माझ्या पिशवीत घालून ठेवला होता. शेवटचं गाणं मी फोनवर मोजलं. एकशे पन्नासला सुरू झालं आणि एकशे बावन्नला संपलं.

“चढलं का?” पियुषने विचारलं.

“चढलं,” मी म्हणाले.

“किती?”

उत्तर येत असून ते न सांगायची माझी ही पहिलीच वेळ. “रविवारी आंजीला जा,” मी म्हणाले. “बाबांजवळ बस थोडा वेळ.”

“मंजे नाई चढलं,” तो म्हणाला, आणि ड्रमच्या काड्या पिशवीत भरायला लागला.