खुंटीवरचा सदरा

कापसानं दगा द्यायला सुरुवात केली, तसा आमच्या घाटंजीकडे जो तो विहीर खोदायच्या मागे लागला. माझे बाबा विहिरीत सुरुंग लावायचे. जिलेटिनच्या कांड्या उघड्या हातानं हाताळायचे. कामावर माणूस ठणठणीत. बाजाराच्या दिवशी सुट्टी असली, की बाजेवर बसल्या बसल्या छाती धरायचे, घामानं निथळायचे. दुसऱ्या दिवशी कामावर डोकं दुखून फुटायची पाळी यायची, पण छाती मोकळी.

"आसरा बोलावून राह्यल्या त्यायले," माय म्हणायची. आसरा म्हणजे विहिरीतल्या सात बाया. त्यांचं घर फोडणाऱ्याला त्या सोडत नाहीत म्हणे.

मायचा उतारा ठरलेला. बाबांचा कामावरचा सदरा ती कधीच धुवायची नाही. कळ आली की तोच त्यांच्या नाकाशी धरायची. आणि खरं सांगते, दोन-चार मिनिटांत बाबांच्या तोंडावर रंग यायचा. माझ्या अंगावर काटा यायचा, आणि रागही.

मी यवतमाळला नर्सिंग शिकत होते, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. होळीला घरी आले, तर खुंटीवर तो सदरा, गोडसर, डोकं उठवणाऱ्या वासाचा. शी! माय शेवटच्या वेचणीला गेली होती. मी तो सोडा घालून उकळला, दगडावर आपटून धुतला. डाग राहिले, वास गेला. तिच्याशी वाद नको म्हणून वाळल्यावर परत खुंटीला लावला.

काम चार दिवस बंद होतं. धुळवडीच्या दुपारी बाबा छाती धरून बाजेवरून खाली कोसळले. मायनं सदरा ओढून त्यांच्या नाकाशी दाबला. मग स्वतः हुंगला.

"वास कुठी गेला वो?"

मी बाबांची नाडी पाहत राहिले.

"आसरायनंच नेला," माय म्हणाली. दवाखाना गाठेपर्यंत बाबा गेले.

पुढे हृदयाच्या वॉर्डात डॉक्टरांनी शिकवलं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर स्वतःच एक वायू सोडून वाहिनीला 'सैल हो' असा सांगावा देतं. अस्तर बिघडलं की वाहिनी आवळते. जिभेखालची गोळी तोच सांगावा बाहेरून देते. त्या गोळीतलं औषध सुरुंगाच्या कांडीतही असतं. कातडीतून, श्वासातून ते रोज मिळालं, की शरीर त्याच्याच भरवशावर राहतं, आणि सुट्टीच्या दिवशी कळ येते. मला खुंटीवरचा सदरा आठवला, मी धुवून घालवलेला त्याचा गोडसर वास.

माय अजून दर धुळवडीला बाबांनी सुरुंग लावलेल्या एका विहिरीच्या काठावर उभी राहून आसरांना शिव्या घालते. मी तिचा हात धरून शेजारी उभी असते. लाज वाटते, पण तोंड उघडत नाही.