झोळीतला हात आणि फळ्याची वरची ओळ

मोडलेले हाड शस्त्रक्रियेविना जुळले, म्हणजे हात बरा झाला का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला पाच महिने लागले. त्यांतले चार आठवडे माझ्याच चुकीने वाया गेले. ती चूक इतरांकडून होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

वर्ध्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि ते म्हणाले, "प्रॉक्झिमल ह्युमरस फ्रॅक्चर आहे." म्हणजे दंडाचे हाड खांद्याजवळच्या टोकाला मोडले होते. सकाळी आंजी या आमच्या गावी, घरच्या न्हाणीत घसरून मी उजव्या अंगावर पडलो होतो.

"तुकडे जागेवर आहेत. ऑपरेशनची गरज नाही. हात गळ्यात अडकवायला झोळी लावू. पण बोटं आणि मनगट आजपासूनच हलवत राहा, गुरुजी."

'गरज नाही' हे शब्द मी ऐकले. 'पण'च्या पुढचे वाक्य निसटले. चाळीस वर्षे मुलांना पूर्ण वाक्य ऐकायला शिकवणाऱ्याचे हे असे झाले.

मी निवृत्त शिक्षक. पत्नी जाऊन तीन वर्षे झाली. मुलगा पुण्याला असतो. गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी तारीख, दोन बातम्या आणि कापसाचा भाव लिहिण्याचे काम मी स्वतःहून घेतले होते. लोक वाचायला थांबत, चार शब्द बोलत. दिवसभरातले माझे बोलणे बहुतेक तेवढेच. हात मोडल्यापासून फळा कोरा होता.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, "आता घरात झोळी काढा. पेंड्युलम एक्सरसाइज सुरू करा." म्हणजे डाव्या हाताने टेबल धरून पुढे वाकायचे, मोडका हात सैल लोंबू द्यायचा आणि अंग हलवून त्याला हलके झोके द्यायचे. दिवसातून चार वेळा. मी वही आखली. उभे रकाने वारांचे, आडवे वेळांचे.

त्याच संध्याकाळी झोळी काढून ओसरीत बसलो होतो. हात मोडल्यापासून शेजारचे वामनराव रोज येऊन घटकाभर बसत. त्यांनी रस्त्यावरूनच पाहिले.

"सुधरला वाट्टे हात. बरं झालं जी गुरुजी," असे म्हणून ते पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी मी झोळी घातली. ते आले, खुर्ची ओढून बसले.

"काऊन जी, अजून दुखतेच का?"

"थोडं," मी म्हणालो. फारसे दुखत नव्हते.

त्यानंतर मी झोळी काढलीच नाही. समोरच्या शकुंतलाबाई दुपारी वरण-भाकर आणून देत, जुने विद्यार्थी डोकावत. झोके मात्र राहून गेले. रुग्णालयात जायच्या आदल्या दिवशी मी वही काढली आणि सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या.

सहा आठवड्यांनंतरच्या एक्स-रेत हाड छान जुळलेले दिसले. मला वाटले, सुटलो. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामाने सांधे मोकळे करणाऱ्या बाईंनी हात वर करायला सांगितला. तो छातीपर्यंत गेला आणि थांबला.

"स्टिफनेस आला आहे. सांधा आखडला," त्या म्हणाल्या. मी वही पुढे केली. त्यांनी दोन पाने उलटली. "सर, माझे बाबाही मास्तर आहेत. एका बैठकीत भरलेली वही ते लांबूनच ओळखतात. एकच पेन, एकच तिरकी रेघ."

मी खाली पाहिले. मग खरे ते सांगितले, झोळीचेही. त्या हसल्या नाहीत.

"एवढे आठवडे गेले, ते आता मेहनतीने भरून काढावे लागतील. आणि हात पूर्ण वर जाईलच, असं मी आज सांगू शकत नाही. सोबत हवी असेल तर सरळ मागा ना. त्यासाठी हात कशाला आजारी ठेवता?"

दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा मी झोळी खुंटीला टांगली होती. मी म्हणालो, "हात बरा आहे. तरी जरा बसा. मी व्यायाम करतो, तुम्ही मोजा."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. "मले वाटे, तुम्हाले एकटंच राह्यला आवडते. बाई गेल्यापासून तुम्ही कोणाले बसा म्हटलंच नाई." मग पदर सावरून म्हणाल्या, "करा सुरू. पण मले विसाच्या पुढं मोजाले लावजा नोका."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी वॉल क्लाइंबिंग शिकवले होते, म्हणजे भिंतीवर बोटांनी पायरी-पायरीने चढणे. जिथे बोटे थांबत, तिथे मी खडूने रेघ ओढे. पहिल्या आठवड्यात दोन बोटे अंतर वाढले. पुढच्या आठवड्यात काहीच नाही. दुखत असे, सहन होईल तेवढेच करायचे, हा नियम पाळला. कापूस वेचणी सुरू झाली तसे शकुंतलाबाईंना शेतातून सवड मिळेना. वामनराव तर मोजायला तीनच दिवस आले. विसापर्यंत मी स्वतःच मोठ्याने मोजू लागलो. रिकाम्या घरात तो आवाज मला बरेच दिवस परका वाटला.

पाचव्या महिन्यात फळ्यासमोर उभा राहिलो. वरच्या ओळीला हात चार बोटे कमी पडला. तो आता बहुधा तेवढाच राहील. मी तारीख दुसऱ्या ओळीवर लिहिली. वामनराव थांबले.

"गुरुजी, वरची ओळ काऊन सोडली?"

"हात पोचत नाही," मी म्हणालो. "घटकाभर बसता का?"

ते ओट्यावर बसले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : हाड आपले आपण जुळले, हात मात्र हलवल्याशिवाय वर गेला नाही. पण हे एका माणसाच्या एका हातावरून काढलेले उत्तर आहे. तुमचे हाड वेगळे असेल. हात कधी आणि किती हलवायचा, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी परवानगी दिल्यावर आरशासमोर उभे राहून दोन्ही हात वर करा आणि कोणता कुठे थांबतो, ते स्वतः पाहा. माझी वही प्रमाण मानू नका.