दीड कडव्याचं गाणं

लिओ डाबरे सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात राहायचा आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचा. २०२१च्या जुलैत सगळं सिडनी बंद होतं, लॅबला मात्र कोविडच्या नमुन्यांमुळे उसंत नव्हती. अशात एका रविवारी दुपारी त्याला शैलेंद्रचा फोन आला. बावीस वर्षांनी.

नव्वदच्या दशकात या दोघांची जोडी होती. वसईहून आलेला लिओ आणि ठाण्याचा शैलेंद्र, दोघे सिडनीतल्या एकाच हायस्कूलमधले. लिओ वडिलांच्या गॅरेजमध्ये सॅम्पलर घेऊन बसायचा, जुन्या रेकॉर्डांमधले ड्रमचे तुकडे कापून बीट जुळवायचा. शैलेंद्र त्यावर रॅप करायचा. कुठल्या ओळीनंतर शैलेंद्रला दम घ्यावा लागतो हे लिओला पाठ होतं. तिथे तो बरोबर जागा सोडायचा.

नव्व्याण्णवमध्ये एका रेकॉर्ड कंपनीनं शैलेंद्रला बोलावलं. एकट्यालाच, प्रोड्यूसर त्यांचा होता. शैलेंद्र विचारायला गॅरेजमध्ये आला. लिओनं मान वर न करता सांगितलं, "जा ना. नो वरीज."

तो गेला. अल्बम काही बाहेर आला नाही, आणि लाजेपोटी म्हणा की रागापोटी, शैलेंद्र पुन्हा गॅरेजकडे फिरकला नाही. मेलबर्नला ग्लेन वेव्हर्लीत संसार थाटून शाळेत शिकवू लागला. लिओनंही सॅम्पलर गुंडाळून ठेवला.

त्या रविवारी फोनवर शैलेंद्रनं जुनं काही काढलं नाही. लॉकडाऊनमध्ये एक गाणं लिहिलंय, बीट करशील का, एवढंच विचारलं. पुढचे सहा आठवडे फायली इकडून तिकडे जात राहिल्या. स्नेअर ड्रमचा ठोका जरा मागे घे, ही ओळ घाईत पडतेय, असलंच बोलणं. शैलेंद्रचा आवाज जड झाला होता, दम लवकर लागत होता. लिओनं न बोलता जागा वाढवल्या. नव्व्याण्णवचं काय ते दोन राज्यांमधली बॉर्डर उघडली की समोरासमोर बोलू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

सप्टेंबरात शैलेंद्रला कोविड झाला. दुसरं कडवं तेव्हा अर्धंच रेकॉर्ड झालं होतं. अकराव्या दिवशी तो गेला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. लिओनं तो लॅबच्या जेवणाच्या खोलीत बसून फोनवर पाहिला. मध्येच चित्र अडकलं; पुन्हा सुरू झालं तोवर सगळं आटोपलं होतं.

नोव्हेंबरात बॉर्डर उघडल्यावर लिओ नऊ तास गाडी चालवून ग्लेन वेव्हर्लीला गेला. शैलेंद्रच्या बायकोला, मयूराला, त्यानं गाणं ऐकवलं. अर्ध्या कडव्यापुढे नुसती बीट चालू राहत होती. ती संपल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी मी जा म्हटलं खरं. पण त्याने जाऊ नये असं वाटत होतं मला."



"त्याला वाटायचं, तू कंटाळला होतास त्याला," मयूरा म्हणाली. "थांब म्हणाला असतास तर तो थांबणार होता, लिओ."

शैलेंद्रची पंधरा वर्षांची मुलगी दारात उभी होती. "कॅन यू प्ले इट अगेन?" तिनं हळूच विचारलं. लिओनं गाणं पुन्हा लावलं आणि तिच्या हातात फोन देऊन तो बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.